हिरवे गेट

मोहर्लीहून समुद्र फार लांब आहे. महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर लावला तर मुंबई डाव्या कडेला आणि आमचा चंद्रपूर जिल्हा उजव्या कडेला; मध्ये सारा महाराष्ट्र पसरलेला. आमच्या शाळेतल्या मुलांनी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे इरई धरणाचा जलाशय. वाघ कसा असतो हे त्यांना विचारावे लागत नाही. तो गावाच्या कडेने जातो, त्याचा वास त्यांना ओळखता येतो. समुद्र विचारला की ती पुस्तकाचे पान उघडतात.

तरी आमच्या घरात समुद्र रोजच्या बोलण्यातला होता. याचे कारण आमच्या अम्मी. कुणी लांबच्या प्रवासाला निघाले, मुलगा नोकरीला पुण्याला चालला, भाची लग्न होऊन हैदराबादला गेली, की अम्मी दारात उभ्या राहून गाडीचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते पाहत. गाडी उलट्या बाजूने वळवून न्यावी लागली तर त्यांचा चेहरा उतरे. बाहेरच्यांना हा वहम वाटे. आम्हाला त्यामागची गोष्ट ठाऊक होती.

१९६७ साली आमचे नाना आणि नानी हजला गेले. नानांच्या बैलगाड्या होत्या. जंगलातला बांबू आणि जळाऊ लाकूड ठेकेदारासाठी चांद्यापर्यंत वाहायचे. तेव्हा आजच्यासारखा डांबरी रस्ता नव्हता, जिप्सी नव्हत्या, रिसॉर्ट नव्हते. एका गाडीमागे चार आणे बाजूला टाकत त्यांनी बारा वर्षे पैसा जमवला. त्या साली हज मार्च महिन्यात होता. म्हणून फेब्रुवारीतच घरदार बंद करून सगळे मुंबईला गेले. निरोप द्यायला मुलेही बरोबर होती. अम्मी नऊ वर्षांच्या, मोठे मामू पंधरा वर्षांचे.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम होता. तिथले दिवस अम्मींना नीट आठवतात. देवीची आणि कॉलऱ्याची लस टोचून घ्यायची, तिचे पिवळे कागद जपायचे, पिलग्रिम पासवर फोटो चिकटवायचा, तिकिटासाठी रांग धरायची. जिन्यावर, गच्चीवर, व्हरांड्यात बिछाने. कुणी बिहारचे, कुणी आसामचे, कुणी मालेगावचे. सगळ्यांच्या गाठोड्यात पीठ, तांदूळ, लोणचे आणि कफन. होय, कफन बरोबर न्यायची रीत होती. जमजमच्या पाण्यात भिजवून, वाळवून ते परत आणायचे आणि पेटीच्या तळाशी ठेवायचे. नानींनीही आपले कफन स्वतःच्या हाताने शिवून घेतले होते.

जहाजाचे नाव ‘मोहम्मदी’. मोगल लाइन कंपनीचे. ज्या दिवशी ते सुटले त्या दिवसाचे अम्मींना दोनच गोष्टींचे चित्र आहे. एक, ‘हिरवा दरवाजा’, ज्यातून सगळे आत गेले. दुसरे म्हणजे जहाज हलल्यावर त्यांनी फोडलेला टाहो. नऊ वर्षांच्या मुलीला नमाज येत होती. किब्ला पश्चिमेला असतो हे पाठ होते. मुसाफिरखान्यातल्या जमातीवरून पश्चिम कोणती ते कळले होते. आणि इथे जहाज भलतीकडेच चालले होते. अम्मी ओरडल्या, “मामू, जहाज उल्टा जा रहा है! किब्ला तो उधर है!” (आम्ही त्यांना मामू म्हणतो म्हणून अम्मीही गोष्ट सांगताना आपल्या भावाला मामूच म्हणतात.) आजूबाजूचे लोक हसले. कुणीतरी तिच्या हातात बत्तासे ठेवले.

एप्रिलमध्ये नाना परतले. चंद्रपूरच्या स्टेशनवर हार घेऊन अर्धे गाव उभे होते. डब्यातून नाना एकटेच उतरले. त्यांच्या हातात दोन पेट्या होत्या. परतीच्या वाटेवर, एडन मागे पडून तिसऱ्या दिवशी, नानी तापाने गेल्या. किनारा लांब असला, मय्यत ठेवणे शक्य नसले, तर गुस्ल देऊन, कफन घालून, जनाज्याची नमाज पढून मय्यत पाण्यात उतरवावी, असा शरीअतचा मार्ग आहे. तसेच केले गेले. जमजममध्ये भिजवलेले कफन वापरले गेले. नानांनी एवढेच सांगितले की जहाज मंदावले होते, भोंगा वाजला होता, आणि डेकवर जागा उरली नव्हती इतके लोक नमाजेला होते. यापुढे ते कधी बोलले नाहीत.

नऊ वर्षांच्या मुलीने मात्र आपला अर्थ काढून ठेवला. जहाज उलटे गेले होते, म्हणून अम्मा परत आली नाही.

यात हसण्यासारखे काही नाही. याच एका समजुतीपायी आमचे अब्बा हजविना गेले. नोकरीतून निवृत्त झाल्यावर हाती पैसा होता, तब्येत होती. दर वर्षी फॉर्म आणायचे आणि अम्मी म्हणायच्या, “तुम्ही जा. मी समुद्र ओलांडणार नाही.” आता विमान आहे, नागपूरहूनच उडते, पाच-सहा तासांत जेद्दा, असे किती वेळा समजावले! अम्मींचे उत्तर ठरलेले: विमान तरी कशावरून जाते? खाली समुद्रच असतो ना? अब्बा एकटे गेले नाहीत. २०१९ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. फर्ज राहून गेल्याचे दुःख अम्मींनी उघड बोलून दाखवले नाही, पण शबे-बरातला सगळे कबरस्तानात जायला निघत तेव्हा त्या दोन कबरींसाठी दुआ मागत, एक जी आहे आणि एक जी नाही.

गेल्या पावसाळ्यात त्या एकदम म्हणाल्या, “मला तो हिरवा दरवाजा दाखवा. मग बघू.”

मोठ्या मामूंनी लगेच विरोध केला. त्यांचे म्हणणे, दुआ घरातूनही पोहोचते, पाण्याला कबर मानून तिथे जाणे आपल्यात नाही, आणि पाच माणसांचा मुंबईचा खर्च म्हणजे काय थोडा आहे? त्यांच्या म्हणण्यात चूक काही नव्हती. आम्ही मशिदीच्या इमामसाहेबांना विचारले. ते तरुण आहेत, पण समजूतदार. म्हणाले, “प्रवासाला मनाई नाही. फुले, दिवे पाण्यात सोडू नका. मन हलके होत असेल तर म्हातारीला नेऊन आणा.” शाळेला हिवाळ्यात चार दिवस सुट्टी जोडून मिळत होती. तिकिटे काढली. शेजारची मावशी कुंपणावरून म्हणाली, “काहून जी, आता ह्या वयात समुद्र पाहाले चालले?” अम्मी म्हणाल्या, “हो बाई, माहेर हाय तिकडं.”

मुंबईला जाण्याआधी हा ‘हिरवा दरवाजा’ म्हणजे काय, याचा शोध घेणे आले. घरात त्याचे निरनिराळे अर्थ होते. खाला म्हणत तो कोणत्यातरी दर्ग्याचा दरवाजा असणार. आमची धाकटी मुलगी समजत होती की तो जन्नतचा. प्रत्यक्षात मुंबई बंदराच्या गेटांना रंगांचीच नावे आहेत: यलो गेट, ऑरेंज गेट, रेड गेट, ग्रीन गेट. बॅलार्ड इस्टेटच्या बाजूने बॅलार्ड पिअरला जायचे ते ग्रीन गेटने. अम्मींची आठवण शब्दशः खरी होती.

आता थोडे या जागेविषयी, कारण आमच्यासारख्या जंगलातल्या माणसाला हे सगळे नवे होते आणि वाचकांपैकीही अनेकांचे आजोबा-पणजोबा याच वाटेने गेले असतील. (कोकणातल्या वाचकांनी हसू नये. त्यांच्या घरी जहाज म्हणजे आमच्याकडची बैलगाडी.)

हिंदुस्तानातून हजला जाणारी जुनी वाट सुरतेहून होती. मोगल घराण्यातल्या गुलबदन बेगम, म्हणजे बाबराची मुलगी आणि अकबराची आत्या, १५७६ मध्ये सुरतेहूनच जहाजात बसल्या. पुढे आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आणि मुंबई हे हाजींचे मुख्य बंदर झाले. ज्या कंपनीला लोक मोगल लाइन म्हणत ती १८७७ मध्ये मुंबईत सुरू झाली. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी कामरान बेटावर हाजींना क्वारंटाइनमध्ये ठेवत. ते हाल आमच्या पणज्यांच्या पिढीने सोसले. यलमलमच्या समोर जहाज आले की भोंगा वाजे आणि लोक डेकवरच इहराम बांधत.

नानांच्या पेटीत एक वेगळीच नोट होती, तीही इथे सांगितली पाहिजे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास हाजींसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या वेगळ्या रंगांच्या नोटा काढल्या होत्या. क्रमांकाआधी ‘एच ए’ ही अक्षरे असत. त्या हिंदुस्तानात चालत नसत, तिकडेच चालत. नानांनी दहाची एक नोट खर्च न करता परत आणली. मामूंकडे ती आजही कुराण शरीफच्या जुन्या गिलाफात ठेवलेली आहे.

ही जलवाट १९९५ पासून बंद झाली. ‘अकबरी’ हे त्या वाटेवरचे शेवटचे जहाज. गंमत अशी की त्याच १९९५ साली आमच्याकडे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला आणि मोहर्लीला गेट आले. इकडे एक गेट उघडले, तिकडे एक बंद झाले. २०१८ च्या सुरुवातीला समुद्रमार्गे हज पुन्हा सुरू करण्याला सौदी सरकारनेही होकार दिल्याच्या बातम्या आल्या होत्या. मुंबई ते जेद्दा हे २,३०० सागरी मैलांचे अंतर नवी जहाजे तीन-चार दिवसांत कापतील, असेही तेव्हा सांगितले गेले. मात्र जहाज काही निघाले नाही.

आम्ही नागपूरहून सेवाग्राम एक्सप्रेसने निघालो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बोरीबंदरला उतरलो. आता त्याला सीएसएमटी म्हणतात, पण बोरीबंदर या नावात बंदर आहे, म्हणून अम्मींना तेच आवडले. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या घरात शब्दांवर बोलणे होतेच. आमचा मुलगा म्हणाला, हिंदीत बंदर म्हणजे माकड. त्याला सांगितले, हा बंदर फारसीतला, आपल्याकडे मराठी-उर्दू दोन्हींत राहायला आलेला. खलाशी आणि मौसम अरबीतून आले. लंगर आणि नाखुदा फारसीतून, आणि त्या नाखुदाचाच कोकणात नाखवा झाला. मौसम हा तर दुहेरी शब्द आहे: अरबीत हजच्या दिवसांनाही मौसम म्हणतात आणि याच शब्दावरून इंग्रजांनी आपल्या पावसाला नाव दिले. शिडाच्या जहाजांना वारा साधूनच निघावे लागे. आजही प्रवासी जहाजांचा हंगाम पावसाळा सोडून असतो.

ग्रीन गेटपर्यंत टॅक्सीने गेलो. तिथल्या पहारेकऱ्याने अदबीने सांगितले की तिकीट असल्याशिवाय आत जाता येत नाही. तसे होणारच हे आम्हाला ठाऊक होते. मोहर्लीच्या गेटवरही पहाटे हेच चालते. यादीत नाव, ओळखपत्र, मग आत. अम्मी गेटासमोरच्या फुटपाथवर पाच मिनिटे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “रंग बदललाय का?” मग स्वतःच म्हणाल्या, “नाही, माझेच डोळे बदललेत.”

आतमध्ये आता नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. इमारत सव्वाचार लाख चौरस फुटांच्या आसपास, तपासणीचे आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर, वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय, एका वेळी पाच जहाजे आणि ३०० मीटर लांबीपर्यंतचे जहाज धक्क्याला लागू शकेल, असा हिशेब. मुलांना ३०० मीटर समजेना. आमच्या शाळेची इमारत साठ फूट लांब आहे. तशा सोळा शाळा एकापुढे एक ठेवल्या तरी जहाज थोडे उरेल, असे सांगितल्यावर समजले. नानांच्या वेळी मुसाफिरखान्याच्या जिन्यावर चालणारे काम आता वातानुकूलित दालनात होते, फक्त जाणारे लोक वेगळे आहेत. ते गोव्याला, लक्षद्वीपला, किंवा नुसतेच समुद्रात दोन रात्री फिरून यायला जातात. आम्हाला त्यात वाईट काही वाटत नाही. माणसाने मौजेसाठीही प्रवास करावा. आमच्या गावाची रोजी-रोटी अशाच मौजेवर चालते. पण ज्या धक्क्यावर लोक कफन घेऊन चढत, तिथे एखादी पाटी तरी असावी, असे मात्र वाटले.

बॅलार्ड पिअरचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. मुंबईत भरती-ओहोटीचा फरक मोठा, उधाणाला पाण्याची पातळी चार-पाच मीटरनेही खालीवर होते. म्हणून इथल्या जुन्या गोद्यांना दरवाजे आहेत. भरतीला जहाज आत घ्यायचे, दरवाजा लावायचा, आणि आतले पाणी ओहोटीतही तसेच राखायचे. १९१४ मध्ये झालेल्या अलेक्झांड्रा डॉकची, म्हणजे आजच्या इंदिरा डॉकची, ही वाट सुमारे ७५० फूट लांब आणि १०० फूट रुंद आहे. आजची मोठी क्रूझ जहाजे त्यात मावायची नाहीत. बॅलार्ड पिअर मात्र दरवाज्याच्या बाहेर, थेट बंदराच्या पाण्यावर आहे. टपालाची आणि प्रवाशांची जहाजे इथेच लागत. एके काळी धक्क्यालाच रेल्वे स्टेशन होते आणि १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल इथूनच सुटायची. जहाजातून उतरा, गाडीत बसा, पेशावरला जा. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला जाताना गांधीजी इथूनच जहाजात चढले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवेहून घारापुरीची लाँच धरली. अम्मींना पाण्यावर न्यायचे की नाही यावर रात्री आमच्यात बरीच चर्चा झाली होती. लाँचवाल्याने सर्वांना लाईफ जॅकेट दिली. २०२४ च्या डिसेंबरात याच पाण्यात प्रवासी बोटीचा अपघात होऊन माणसे गेली, तेव्हापासून जॅकेटची सक्ती आहे. कोकणातल्या घरांना तर १९४७ च्या जुलैतली ‘रामदास’ बोट विसरता येणार नाही. हे आम्ही अम्मींसमोर बोललो नाही. त्यांनी जॅकेट घातले, पट्टा आवळला, आणि वरच्या मजल्यावर बसण्याचे वेगळे पैसे आपल्या बटव्यातून दिले.

लाँच निघाली आणि डाव्या हाताला शहर सरकू लागले. गेटवे, ताज, मग नौदलाची गोदी. तिथे फोटो काढू नका असे खलाशाने ओरडून सांगितले. तिच्यापुढे बॅलार्ड पिअर. धक्क्याला एक पांढरे जहाज लागलेले, मजल्यांवर मजले, खिडक्यांच्या रांगा. मागे इंदिरा डॉकच्या क्रेन. जवाहर द्वीपाला तेलाची जहाजे लागलेली. उत्तरेला अटल सेतू, जवळजवळ बावीस किलोमीटरचा, पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखा. समोर डोंगर. पलीकडे न्हावा-शेवाच्या क्रेन.

“समोर डोंगर कसा?” अम्मींनी विचारले. “समुद्राला दुसरा काठ असतो का?”

आणि इथे सगळा उलगडा झाला, तोही आमच्याकडून नव्हे. लाँचवर एक वयस्क खलाशी होते, श्रीवर्धनकडचे, दाढी पांढरी. अम्मींनी त्यांना सलाम करून आपली साठ वर्षांपूर्वीची शंका सरळ विचारली: जहाज किब्ल्याला पाठ करून का निघाले? म्हाताऱ्याने हसून दाखवले नाही. त्यांनी आपला डावा पंजा पुढे धरला, बोटे खाली. “आपा, ही मुंबई. ही बोटे म्हणजे कुलाबा. मोठा समुद्र या अंगाला, पश्चिमेला. तिथे लाटा आपटतात, जहाज थांबणार कुठे? म्हणून बंदर या अंगाला, पूर्वेला, आडोशाला. इथून जेद्द्याला जा, दुबईला जा, आधी खाली दक्षिणेलाच जावे लागते. कुलाब्याचे टोक, प्राँग्सचा दिवा ओलांडला की मग जहाज वळते. तुम्ही धक्क्यावर होतात. वळलेले तुम्हाला दिसणारच नाही.”

अम्मी त्यांच्या हाताकडे बराच वेळ पाहत होत्या. मग आपला डावा पंजा तसाच धरून त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटाने त्याच्याभोवती फेरी घेतली. एकदा, दोनदा.

नकाशा आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो. मुंबईचे बंदर पूर्वेला आहे हे पाचवीच्या मुलालाही दाखवता येते. पण अम्मींची गोष्ट आमच्या घरात दुःखाची गोष्ट म्हणून सांगितली जाई, भूगोलाची म्हणून नाही, आणि दुःखाच्या गोष्टीत कुणी दिशा तपासत नाही.

घारापुरीच्या लेण्या मुलांनी पाहिल्या. अम्मी खाली जेट्टीजवळ बसून राहिल्या. दोन वाजता परत गेटवेला आलो. खलाशी जाताना सांगून गेले होते की ते पांढरे जहाज आजच संध्याकाळी निघणार आहे, भर समुद्रात दोन रात्री राहून परत येणारे. साडेचारच्या सुमाराला ते धक्क्यापासून सुटले. दोन छोट्या टग बोटी त्याला ओढून बाजूला काढत होत्या. अम्मी म्हणाल्या, “बैलांसारख्या आहेत.” जहाज आमच्यासमोरून, गेटवेच्या कठड्यापासून लांब, दक्षिणेकडे निघाले. डेकवरचे लोक हात हलवत होते. कठड्यावरची अनोळखी माणसेही हात हलवत होती. अम्मींनी हलवला नाही.

कुलाब्याच्या इमारतींमागे जहाज दिसेनासे झाले. धक्क्यावरच्या माणसासाठी गोष्ट इथेच संपते. आम्ही मात्र टॅक्सी केली आणि नरिमन पॉइंटला गेलो, जिथून पश्चिमेचा समुद्र दिसतो. मधे अस्र पढून घेतली. कठड्यावर बसलो. शेंगदाणे घेतले. मुले कंटाळली. सूर्य खाली आला. पाण्यावर मासेमारीच्या होड्या, लांब नांगरलेली मालवाहू जहाजे, बाकी काही नाही. आम्हाला धास्ती वाटू लागली की अंधारात ते निघून जाईल आणि अम्मींचा उलगडा अर्धाच राहील.

सूर्य पाण्याला टेकत असताना मुलगी म्हणाली, “ते बघा!” कुलाब्याच्या टोकापलीकडून दिव्यांची एक माळ हळूच बाहेर येत होती. आधी तिचे तोंड आमच्याकडे बाजूने होते, मग ती आखूड आखूड होत गेली, म्हणजे जहाज वळत होते आणि आम्हाला पाठ करत होते. जिकडे सूर्य बुडत होता त्या अंगाला ते चालले होते.

“फिरलं,” अम्मी म्हणाल्या.

जवळच्या मशिदीकडे जायला वेळ नव्हता. अम्मींनी कठड्याजवळच चादर अंथरली आणि मगरिब बसून पढली. दुआला हात उचलले ते खाली यायला बराच वेळ लागला. काय मागितले ते आम्ही विचारले नाही. उठल्यावर त्यांनी विचारले, “नागपूरचे विमान कोणत्या बाजूने वळते?”

रात्री मुक्कामावर मामूंचा फोन आला. खर्च किती झाला, मुले बरी आहेत का, थंडी आहे का, असे इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, “गेट हिरवंच आहे का?” अम्मींनी फोन हातात घेतला आणि भावाला बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. मधेच आपला डावा पंजा पुढे धरत होत्या, जणू त्यांना तो फोनमधून दिसणार होता.

घरी येऊन पंधरा दिवस झाले असतील. जुम्म्याच्या नमाजेनंतर मामू आमच्याकडे आले. खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवले. म्हणाले, हज कमिटीच्या एका कव्हरमध्ये पाच माणसांपर्यंत नावे घालता येतात ना? बहिणीबरोबर भाऊ मेहरम म्हणून चालतो ना? पासपोर्ट करून ठेवावा म्हणतो. वय त्र्याहत्तर. आतापर्यंत त्यांनीही अर्ज केलेला नव्हता, आणि का केला नव्हता हे कुणी विचारले नव्हते, कारण सगळे अम्मींनाच विचारत राहिले. पंधरा वर्षांचा तो मुलगाही त्याच धक्क्यावर उभा होता.

पाकिटात त्यांचे चार फोटो होते. अम्मींनी चष्मा लावून पाहिले आणि लगेच सांगितले की मागचा पडदा निळा आहे, तो पांढरा लागतो. मामू चिडले. पुढच्या आठवड्यात दोघेही चंद्रपूरला जाऊन फोटो पुन्हा काढणार आहेत.